वरच्या मामांचे उसने तास

"आयुष्यभर नाकासमोर चालले हो, पण नाकच वाकडं निघालं त्याला ते तरी काय करणार?"

हे मामांच्या बायकोचं वाक्य. ऑपरेशननंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे ऐकवायची. मामा खुर्चीत दोन उशांना टेकून, नाकाखाली कापसाची घडी चिकटवून, तोंडाने श्वास घेत तिच्याकडे बघत राहायचे. त्यांना हसायची बंदी होती. वाकायची बंदी होती, वजन उचलायची बंदी होती, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं होतं आणि नाक शिंकरण्याचं तर नावच काढायचं नव्हतं. बंद्या इतक्या होत्या की आता करायचं काय, हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

सगळा कारखाना त्यांना 'वरचे मामा' म्हणायचा. पाण्याच्या मोठमोठ्या पंपांची बिडाची कवचं ओतणारा हा कारखाना. शेडच्या छताखाली दोन रुळांवरून क्रेन फिरते, तिच्या पोटाला काचेची एक केबिन लटकलेली असते. मामा सकाळी सहाला शिडीच्या एक्केचाळीस पायऱ्या चढून त्या केबिनमध्ये बसायचे ते दुपारी दोनलाच खाली यायचे. सव्वीस वर्षं हाच क्रम. खाली कोणी 'वरच्याची मर्जी' म्हणालं, की मान आपोआप केबिनकडे वळायची आणि हशा पिकायचा.

मामांचं खालचं अर्धं अंग म्हणजे शिट्टी. गळ्यात दोरीला शिट्टी अडकवून फिरतो म्हणून शिट्टी. त्या खणखणाटात शिट्टी ऐकू येते कोणाला? खरं काम त्याच्या हातांचं. तो बोट वर करून गोल फिरवायचा, की मामा वजन उचलायचे. तळवा खाली करून हलवायचा, की अलगद उतरवायचे. बारा टनांचं कवच हवेत झुलत असताना त्याच्या सगळ्यात जवळ जो माणूस उभा असतो, तो शिट्टी. गेली बावीस वर्षं.

या कामाचे नियम दोनच. पहिला, क्रेनवाल्याने इशारा एकाच माणसाचा घ्यायचा. दोघांनी दोन इशारे केले तर क्रेनच्या दांड्यांवरून हात काढायचे आणि गप्प बसायचं. दुसरा, 'थांब' हा इशारा मात्र कोणीही करू शकतो. दोन्ही हात बाजूला ताठ पसरले, की करणारा साहेब असो नाहीतर झाडूवाली, क्रेन थांबलीच पाहिजे. का, कशाला, हे नंतर विचारायचं. एकदा खरंच झाडूवाल्या बाईंनी हात पसरले होते आणि मामा थांबले होते. बघितलं तर साखळीची कडी निम्मी निसटलेली! त्या दिवसापासून मामांची पक्की समजूत झाली, की हे दोन नियम पाळले तर माणसाचं कुठेच काही बिघडत नाही.

आणि तिथेच घोळ झाला.

चार महिन्यांपूर्वी एक कवच चाळीस सेकंद हवेत लटकून राहिलं होतं. शिट्टी उतरवायचा इशारा करतोय, करतोय, आणि वरून काही हालचाल नाही. मामा बसल्या जागी झोपले होते. शिट्टीने मुकादमाला सांगितलं, "मीच थांबवलं होतं त्यांना." पण मुकादमाने स्वतःच्या डोळ्यांनी सगळं बघितलं होतं. मामांना खाली उतरवलं गेलं, तपासण्या झाल्या आणि निदान निघालं की झोपेत त्यांचा श्वास अडकतो, तासाला चाळीस-चाळीस वेळा, त्यामुळे रात्रभर झोपूनही त्यांची झोप होतच नाही. उपाय म्हणून एक मशीन मिळालं. ते नळीतून हवा फुंकतं, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क असतो. पण नाकातला पडदा तरुणपणीच्या एका आपटण्याने एवढा वाकला होता, की हवा आत जाण्याऐवजी मास्कच्या कडेने फुसफुसत बाहेर पडायची. मग झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पडदा सरळ करून झाला.

आता कारखान्याची अट ऐका. झोपेच्या डॉक्टरांचं पत्र आणायचं. त्या पत्रासाठी मशीनमधली एकवीस दिवसांची नोंद लागणार, त्यातले निदान सोळा दिवस रोज चार तास मशीन चाललेलं हवं. कारखान्याने दिलेली मुदत संपायला उरले होते तेवीस दिवस. पत्र आलं नाही तर केबिन कायमची गेली. मग मामांनी आयुष्यभर स्टोअरच्या खिडकीत बसून हातमोजे आणि खिळे द्यायचे.

एवढं सरळ होतं. पण दवाखान्यातून घरी आल्यावर मामांनी पिशवीतून दोन कागद काढले. नाकाच्या डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, 'मशीन दोन आठवडे बंद.' झोपेच्या दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'मशीन एकही दिवस चुकवू नये.' दोन्हींवर सही होती, दोन्हींवर शिक्का होता.

मामांनी दोन्हीकडे फोन केले. ऑपरेशनमुळे आवाज असा झाला होता, की पलीकडच्याला आधी हे कोण बोलतंय तेच कळेना. नाकाच्या दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "डॉक्टर परिषदेला गेलेत. कागदावर लिहिलंय तसं करा." झोपेच्या दवाखान्यातला माणूस म्हणाला, "आमच्या कागदावर लिहिलंय तसं करा."

दोन माणसं, दोन इशारे. मामांनी सव्वीस वर्षांच्या सवयीने हात काढून घेतले. मशीन खाटेशेजारच्या स्टुलावर तसंच पडून राहिलं आणि मामा खुर्चीत.

ते पहिले चार दिवस मामांना नंतर कधीच नीट आठवले नाहीत. नाकात दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या. जेवताना घास गिळला, की कान फट्ट करून बंद व्हायचे. वास नाही, त्यामुळे चव नाही. समोर सूप आहे की चहा हे कप बघून ठरवायचं. डोळ्याला डोळा लागला रे लागला, की घशात काहीतरी अडकून दचकून जाग यायची, मग पुन्हा तेच. दिवस कुठला आणि वेळ कुठली याचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी बायको कामावरून परत आली, चष्म्याच्या दुकानात ती फ्रेममध्ये काचा बसवते, तर मामा आरशापुढे उभे राहून घाईघाईने दाढी करतायत.

"कुठे निघालात?"

"पहिली पाळी आहे. उशीर झाला. तू उठवलं का नाहीस?"

"अहो, संध्याकाळचे साडेपाच वाजलेत!"

मामांनी खिडकीबाहेर बघितलं. उजेड दोन्ही वेळेला सारखाच असतो. त्यांनी अर्ध्या गालाचा साबण पुसला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले. त्यांना एकदम रडू आलं. पण रडल्यावर नाक वाहतं आणि ते शिंकरता येत नाही, म्हणून त्यांनी तेही आवरलं.

पाचव्या दिवशी दुपारी पाळी सुटल्यावर शिट्टी आला. मामांच्या जागी कारखान्याने एक बदली माणूस बसवला होता, त्याच्यावर शिट्टीचा राग होता. "मामा, तो खाली बघतच नाही हो. माझ्या हातांकडे बघायचं सोडून कवचाकडे बघतो. मला बारा टनांखाली उभं राहायचंय की नाही?" एवढं बोलून त्याची नजर स्टुलाकडे गेली. मशीनवर बायकोने धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकला होता.

"हे असं का?"

मामांनी दोन्ही कागद दाखवले. शिट्टीने ते दोनदा वाचले. तोही त्याच शाळेचा, त्यालाही यात दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. "बरोबरच आहे तुमचं," तो म्हणाला. "दोघांनी इशारा केला की थांबायचंच. पण मामा, तास तर पडत नाहीयेत!"

"नाही."

"चार दिवस गेले?"

"गेले."

शिट्टीने बोटांवर काहीतरी मोजलं. मग पायातले बूट काढले, रुमाल बाजूला केला आणि मास्क हातात घेऊन उलटसुलट बघितला. "मशीनला काय कळतंय, नाक कोणाचं आहे ते?"

मामांना हे बरोबर वाटलं की चूक, हे तेव्हा विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं. ते नुसते बघत राहिले आणि त्यांच्या खाटेवर, त्यांच्या उशीवर, त्यांचा मास्क लावून शिट्टी पाचव्या मिनिटाला झोपी गेला. बिडाच्या ढिगावरही झोपेल असा माणूस तो. मशीन संथपणे फुंकत होतं. इतकी सुंदर झोप मामांनी कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

त्या संध्याकाळी बायको दारातच थबकली. खाटेवर नळी लावलेला शिट्टी आणि समोर खुर्चीत पाहुण्यासारखे बसलेले मामा. "भाऊजी, ऑपरेशन यांचं झालंय की तुमचं?"

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यात काहीतरी चुकतंय. काय ते मला सांगता येत नाही, पण चुकतंय."

"तासच तर भरायचेत ना वहिनी?" शिट्टी म्हणाला. "ते भरतायत."

आणि तास भरत गेले. रोज अडीचला शिट्टी यायचा, सातला उठायचा, तोंड धुऊन चहा घ्यायचा आणि घरी जायचा. त्याच्या चेहऱ्यावर तजेला आला. कारखान्यात लोक विचारायला लागले, काय रे, हल्ली फार खुशीत दिसतोस?

आठव्या दिवशी नाकातल्या पट्ट्या निघाल्या. काढल्या त्या नाकाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनीच, डॉक्टर अजून परिषदेतच होते. आणि मामांच्या दोन्ही नाकपुड्यांतून हवा एकदम आत शिरली. थंडगार, थेट कपाळापर्यंत! तीस वर्षांत असं झालं नव्हतं. नर्सबाईंच्या हाताला साबणाचा वास होता, भिंतीला रंगाचा होता, जिन्यात ओल्या फडक्याचा होता. मामा रस्त्याने चालताना प्रत्येक दुकानापुढे थांबून वास घेत होते आणि लोक त्यांच्याकडे वळून बघत होते.

इथून पुढे मामांचा गोंधळ निराळ्याच जातीचा झाला. एवढा मोकळा श्वास घेणारा माणूस आजारी असू शकतो का? दोन आठवडे उलटल्यावर त्यांनी एकदा मास्क उचलला होता, तर शिट्टीने तो हातातून काढून घेतला. "आता मध्येच तुम्ही लावू नका मामा. तुमचे आणि माझे आकडे एकत्र झाले तर त्यांना संशय येईल. सहा दिवस तर राहिलेत!" हेही मामांना पटलं. त्या दिवसांत त्यांना जो जे सांगेल ते पटत होतं.

बायकोला विचारलं, "मी घोरतो का अजून?"

"नाही."

"बघ, मग?"

"घोरत नाही, पण मधेच सगळं शांत होतं," ती म्हणाली. "काहीच ऐकू येत नाही. मी मोजत पडते. मग तुम्ही एकदम दचकता. ते घोरणं बरं होतं हो, निदान कळायचं तरी."

मामांनी ते ऐकलं आणि कुठेतरी आत ठेवून दिलं. त्यावर विचार करायचा म्हटलं, की डोळे मिटायला लागायचे.

एकविसाव्या दिवसानंतरच्या सकाळी मामा आणि शिट्टी झोपेच्या दवाखान्यात गेले. शिट्टीने त्यासाठी रजा टाकली होती. मशीन एका पिशवीत होतं आणि पिशवी शिट्टीच्या मांडीवर. बाहेरच्या बाकावर दहा-बारा माणसं बसलेली. मामांनी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं, नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मामा, उठा. तुमचा नंबर."

"उठा काय? मी जागाच आहे."

"तीनदा पुकारलं," शिट्टी हसत म्हणाला.

मामांनी घड्याळाकडे बघितलं. पावणेदहा वाजले होते. मधली पस्तीस मिनिटं कुठे गेली होती, त्यांना माहीत नव्हतं. शिट्टीनेही त्यांच्या नजरेमागोमाग घड्याळाकडे बघितलं आणि त्याचं हसू जरा उतरलं. पण तोवर दार उघडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मशीनमधलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. टेबलावर नाकाचा प्लास्टिकचा नमुना होता, मधोमध कापलेला. मामा त्याच्याकडे बघत बसले.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "पहिले चार दिवस नाहीत, ते समजू शकते, ऑपरेशन झालं होतं. पण पुढचे सतरा दिवस रोज चार तासांच्या वर! दुपारी झोपता वाटतं?"

"सवय," शिट्टी म्हणाला.

"आणि श्वास बघा. आधी मशीन लावूनसुद्धा तासाला तेवीस वेळा अडकत होता. आता तासाला एक. काही दिवस तर एकदाही नाही. ऑपरेशनचा एवढा फायदा मी फार कमी वेळा बघितलाय. मशीनचा दाबही मी कमी करून टाकते, तुम्हाला एवढा लागतच नाहीये. दिवसा झोप येते का हल्ली?"

"अजिबात नाही, मॅडम," शिट्टी म्हणाला.

बाईंनी पत्राचा कागद पुढे ओढला. "मग सोमवारपासून वर चढायला माझी हरकत नाही."

मामांना क्षणभर खरंच आनंद झाला. केबिन डोळ्यांपुढे आली, काच आली, दांड्या आल्या. बाई एवढ्या शिकलेल्या, मशीन एवढं महागाचं, त्यांनी सांगितलं बरे झालात म्हणून, तर झालोही असू! पण मग तासाला एकदा अडकणारा तो श्वास कोणाचा? शिट्टीचा. आणि आपला? आपला तर कोणी मोजलाच नाही. मोजतेय ती फक्त बायको, काळोखात पडून. आणि आत्ता बाहेर बाकावर पस्तीस मिनिटं गेली ती कोणाची?

बाईंनी पेनचं टोपण काढलं. शिट्टी शेजारी बसून त्या पेनाकडे अशा खुशीने बघत होता, जसं काही त्यालाच बढती मिळणार आहे. सोमवारी सकाळी सहा वाजता हा खाली उभा असेल. मान वर करून, हात वर करून. ह्याचेच श्वास दाखवून आपण ह्याच्याच डोक्यावर बारा टन धरणार.

मामांना शब्द सुचेनात. कारखान्यात बोलून काही होत नाही, त्यांना बोलायची सवयच नव्हती. त्यांनी दोन्ही हात बाजूला ताठ पसरले. उजव्या हाताचा धक्का लागून प्लास्टिकचं नाक टेबलावरून खाली पडलं आणि त्याचे दोन भाग दोन दिशांना गेले.

"अहो, काय झालं?" बाई दचकून म्हणाल्या.

शिट्टीला मात्र विचारावं लागलं नाही. त्याचा हलणारा पाय जागच्या जागी थांबला, हात मांडीवर आले, पाठ ताठ झाली. तो मामांकडे बघत राहिला.

"सही करू नका," मामा म्हणाले. "हे श्वास माझे नाहीत. ह्याचे आहेत."

बाईंना ते समजायला बराच वेळ लागला. समजल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे एकवीस दिवसांत तुम्ही स्वतः एकदाही मशीन लावलं नाहीत? का?"

मामांनी खिशातून घड्या पडून मऊ झालेले दोन कागद काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. "तुम्ही म्हणत होतात लावा, ते म्हणत होते लावू नका. दोघांनी दोन इशारे केले की आम्ही हात काढून घेतो."

बाईंनी दोन्ही कागद वाचले. मग फोन उचलला आणि थेट नाकाच्या डॉक्टरांना लावला. अर्ध्या मिनिटात सगळा उलगडा झाला. त्यांनी नाकावरचा मास्क बंद करायला सांगितलं होतं. बाईंना नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, मोठा मास्क लावायचा होता. तो मास्क मामांच्या नावाची चिठ्ठी लावून बाईंच्याच दवाखान्याच्या कपाटात तीन आठवडे पडून होता. तो घेऊन जा, असं मामांना कोणीही सांगितलं नव्हतं. बाईंचा चेहरा लाल झाला. रागाने की शरमेने, मामांना कळलं नाही. अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यासाठी आपण एकवीस दिवस अंधारात बसलो होतो, एवढं मात्र कळलं.

"ही नोंद मला धरता येणार नाही," बाई म्हणाल्या. "आज तुमचा पहिला दिवस. मुदत वाढवा म्हणून मी कारखान्याच्या डॉक्टरांना लिहीन, आमच्याकडूनही चूक झाली असं लिहीन. ते ऐकतीलच असं नाही." मग त्या शिट्टीकडे वळल्या. "तुमची झोप मात्र उत्तम आहे."

शिट्टी हसला नाही. त्याने वाकून नाकाचे दोन्ही भाग गोळा केले, जुळवून टेबलावर ठेवले आणि बाहेर पडला.

दोघं दवाखान्याच्या पायऱ्यांवर आले. मामांच्या हातात मोठ्या मास्कचं खोकं होतं आणि मशीनची पिशवी.

"तुम्ही स्टोअरला गेलात तर तो बदली माणूस माझ्या डोक्यावर कायमचा बसेल," शिट्टी म्हणाला.

"माहीत आहे मला."

"सतरा दिवस झोपलो मी तुमच्यासाठी."

"तेही माहीत आहे."

शिट्टीने गळ्यातली शिट्टी उगाच चाचपली. "बावीस वर्षांत तुम्ही मला एकदाही इशारा केला नव्हतात, मामा."

"वरच्याने इशारा करायचा नसतो. त्याने खाली बघायचं असतं."

"मग आज?"

"बाई सही करत होत्या," मामा म्हणाले, "आणि मला खाली तू उभा दिसलास."

शिट्टीने मामांच्या हातातून खोकं घेतलं, पिशवीही घेतली. मामांना वजन उचलायची अजून बंदी होती.